शोधक आणि वाटसरू : जोहारचे शौका व्यापारी आणि तिबेटच्या नकाशाची जडणघडण (१८६३–१८८४)

जगाच्या इतिहासातील प्रसिद्ध शोधप्रवाशांची यादी करावयास सांगितले तर आपले विद्यार्थी मार्को पोलो, इब्न बतुता, कोलंबस, वास्को-द-गामा, कॅप्टन कुक ही नावे न अडखळता सांगतात. एखादा अधिक वाचन असलेला विद्यार्थी लिव्हिंग्स्टनचे नाव जोडतो. या यादीतील बहुतेकांनी ज्या भूमीचा 'शोध' लावला, तेथे माणसे पूर्वीपासून राहत होती, त्यांचे बाजार भरत होते आणि त्या बाजारांकडे जाणाऱ्या वाटाही मळलेल्या होत्या. मग शोध लागला तो नेमका कशाचा, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ते उदाहरण कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातील शौका व्यापारी समाजाचे आणि त्या समाजातून आलेल्या पंडित नैनसिंह रावत यांचे होय. त्यांच्या प्रवासाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु कौतुकाच्या भरात दोन गोष्टी मागे पडल्या, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या फिरत्या समाजाने हा प्रवासी घडविला तो समाज ही पहिली आणि या प्रवासासाठी मोजावी लागलेली विश्वासाची किंमत ही दुसरी.

जोहारचे लोक

गोरीगंगेच्या उगमाजवळ सुमारे ११,००० फुटांवर वसलेले मिलम हे जोहार खोऱ्यातील सर्वांत मोठे गाव. येथील लोकांना बाहेरचे लोक सरसकट 'भोटिया' म्हणत. ते स्वतःला शौका म्हणवितात. त्यांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. उन्हाळ्यात मिलम आणि वरची गावे, हिवाळ्यात मुन्स्यारी व त्याहून खालच्या दऱ्या. बर्फ वितळले की उंटाधुरा व त्यापुढील खिंडी ओलांडून पश्चिम तिबेटमधील ग्यानिमा येथील मंडी गाठायची. धान्य, कापड, गूळ वर न्यायचे आणि लोकर, मीठ, टाकणखार खाली आणावयाचा. हाच माल पुढे मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत विकला जाई. ओझी वाहण्यासाठी याक आणि याकसंकराची जनावरे होतीच, परंतु शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या बांधून शेकडोंचे कळप हाकणे ही या व्यापाराची खरी खूण होती. मेंढी वाटेत चरते, त्यामुळे तिच्यासाठी चारा वाहून न्यावा लागत नाही. शिवाय ज्या वाटेवर घोडा घसरतो तेथून ती निभावून जाते.

या व्यापाराचा आधार होता परस्परांवरील विश्वास. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटात ठरलेला मित्र असे आणि हे नाते बापाकडून मुलाकडे येई. करार करताना एक दगड फोडून त्याचे दोन भाग दोघांनी जपून ठेवण्याची प्रथा होती. पुढे एखाद्याचा मुलगा अथवा माणूस प्रथमच आला तर हे तुकडे जुळवून त्याची ओळख पटविली जाई. दरवर्षी खिंड खुली करण्यापूर्वी तिबेटी अधिकाऱ्याचा माणूस खाली येऊन रोगराई अथवा लढाईची धास्ती नाही ना, याची खात्री करून घेई. म्हणजेच खिंड ही या लोकांच्या दृष्टीने दोन देशांमधील भिंत नव्हती, तर दर वर्षी नव्याने उघडावयाचे दार होते.

इंग्रज या वाटेवर फार उशिरा आले. १८१२ साली विल्यम मूरक्रॉफ्ट व हिअर्सी हे दोघे गोसाव्यांच्या वेषात मानसरोवराकडे गेले आणि परतताना अडचणीत सापडले. त्यांच्या सुटकेसाठी जोहारच्या रावत घराण्यातील देवसिंह व वीरसिंह यांनी मदत केली. त्या प्रवासात बरोबरच्या एका पंडिताला ठरावीक लांबीची पावले टाकून रस्ता मोजण्याचे काम दिलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण अर्धशतकानंतर याच युक्तीला शास्त्राचे रूप देण्यात आले. १८५५ ते १८५७ या काळात जर्मन श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयात जे संशोधन केले त्यातही जोहारची माणसे होती. वयाच्या पंचविशीत नैनसिंह (जन्म १८३०) त्यांच्याबरोबर मानसरोवर व लडाख येथे गेले आणि तेथेच उपकरणे हाताळावयास शिकले. त्या बंधूंपैकी अ‍ॅडॉल्फ १८५७ मध्ये काशगर येथे मारला गेला. नैनसिंह गावी परतले व पुढे मिलमच्या शाळेत शिक्षक झाले.

'पंडित' ही उपाधी त्यांना मिळाली ती यामुळे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर शास्त्री-पंडितांची बिरुदावली उभी राहते, परंतु येथे त्याचा अर्थ आपल्या 'पंतोजी' या शब्दाच्या अधिक जवळचा आहे. ते खेड्यातील शाळामास्तर होते.

पावलांचे गणित

ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेने हिमालयाची शिखरे दुरून मोजली होती, परंतु शिखरांपलीकडे पाऊल टाकण्यास युरोपीय अधिकाऱ्यांना मनाई होती. चिनी साम्राज्य व ल्हासाचे शासन दोघेही परकीयांबाबत सावध होते, आणि भारतात काय घडले ते पाहता त्यांच्या सावधगिरीला अविवेक म्हणता येणार नाही. कॅप्टन टी. जी. माँटगोमेरी यांनी यावर तोडगा सुचविला. जी माणसे व्यापारी अथवा यात्रेकरू म्हणून सहज पलीकडे जातात, त्यांनाच मोजणीचे शिक्षण द्यावे. पहिला प्रयोग १८६३ मध्ये मोहम्मद-इ-हमीद यांना लेहहून यारकंदला पाठवून झाला. ते यारकंदला पोहोचले, परंतु परतीच्या वाटेवर मरण पावले. त्याच वर्षी नैनसिंह व त्यांचे चुलतबंधू मणिसिंह यांना डेहराडून येथे आणण्यात आले.

येथे एक आठवण करून देणे आवश्यक आहे. ही कल्पना माँटगोमेरी यांची असली तरी जगात ती पहिलीच नव्हती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनच्या कांग-शी सम्राटाने भूमितीचे शिक्षण घेतलेल्या लामांना तिबेटची मोजणी करण्यासाठी पाठविले होते आणि त्यांच्या माहितीचा उपयोग पुढे फ्रान्समधील दांव्हिल याने आपल्या नकाशांत केला. साम्राज्ये बदलली तरी, जेथे आपण जाऊ शकत नाही तेथे जाऊ शकणारा माणूस शोधावा, ही रीत कायम राहिली.

डेहराडून येथील शिक्षणात तीन गोष्टी होत्या. सेक्स्टंटने सूर्य व तारे यांचे वेध घेऊन अक्षांश काढणे, पाणी उकळण्याच्या तापमानावरून उंची काढणे आणि चढ असो की उतार, सारख्याच अंतराचे पाऊल टाकणे. एका मैलाची २,००० पावले होत. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात, सर्वेक्षणाच्या माळेत १०० ठेवण्यात आले. दर १०० पावलांना एक मणी ओढावयाचा, म्हणजे एक माळ पूर्ण झाली की १०,००० पावले, अर्थात ५ मैल झाले. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदांऐवजी टिपणे ठेवावयाची, पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट आणि कवड्यांमध्ये पारा. सपाट पाऱ्यात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहून कृत्रिम क्षितिज मिळे. ही साधने सर्वच पुस्तकांत रंगवून सांगितलेली आढळतात. त्यांच्या तुलनेत एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते : जपमाळ हातात घेऊन मुकाट्याने चालणारा माणूस दिसला तर त्या वाटेवर कोणी त्याला बोलण्यासाठी थांबवीत नाही. मोजणीसाठी लागणारा एकांत पलीकडच्या लोकांच्या श्रद्धेने पुरविला होता.

१८६५ च्या आरंभी दोघे बंधू निघाले. कुमाऊँमधून थेट जाण्याचा आधीचा प्रयत्न फसला होता, कारण पश्चिम तिबेटात त्यांना ओळखणारे बरेच होते. म्हणून या वेळी काठमांडूचा मार्ग धरला. क्यिरोंग येथे त्यांना माघारी पाठविण्यात आले. मणिसिंह वेगळ्या वाटेने गेले, नैनसिंह यांनी लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेऊन पुन्हा प्रयत्न केला आणि प्रवेश मिळविला. मात्र त्या वर्षी ल्हासाला गेल्यास प्राणदंड मान्य आहे असे त्यांना लिहून द्यावे लागले. पुढे त्राडोम येथे लडाखकडून ल्हासाला जाणाऱ्या एका काफिल्यात ते सामील झाले, शिगात्से येथे ताशिल्हुन्पो मठात बालवयीन पंचेन लामांसमोर नतमस्तक झाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. तेथे त्यांचा मुक्काम सुमारे तीन महिने झाला. पैसे संपले तेव्हा त्यांनी नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहिण्याची पद्धत शिकवून पोट भरले. शाळामास्तरकी अशी कामी आली. ताऱ्यांचे वारंवार वेध घेऊन त्यांनी ल्हासाचे अक्षांश २९ अंश ३९ मिनिटे एवढे निश्चित केले. आजचे मापही हेच आहे. विनापरवाना शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद भर रस्त्यात झालेला त्यांनी पाहिला आणि त्यानंतर रस्त्यावर दिसणे कमी केले. एप्रिलमध्ये काफिल्याबरोबर ते पश्चिमेकडे निघाले, त्सांगपो नदीच्या काठाने मानसरोवरापर्यंत आले आणि ऑक्टोबर १८६६ अखेर डेहराडूनला परतले. सुमारे १,२०० मैल अंतर म्हणजे चोवीस-पंचवीस लाख पावले. ती सर्व मोजलेली होती.

दुसरा प्रवास १८६७ चा. या वेळी मणिसिंह व कल्याणसिंह बरोबर होते आणि ठोक-जालुंग येथील सोन्याच्या खाणी हे लक्ष्य होते. १६,३३० फुटांवरील त्या उघड्या पठाराचे वर्णन आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. उन्हाळ्यात तेथे तीनशेच्या आसपास तंबू पडत, तर हिवाळ्यात सहाशे. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु थंडीत माती गोठते, त्यामुळे खणलेल्या खड्ड्यांच्या कडा ढासळत नाहीत, असे त्यामागील कारण होते. खाणकामगार अंगावरचे सर्व कपडे पाठीवर ओढून, गुडघे पोटाशी घेऊन, गुडघ्या-कोपरांवर पालथे झोपत, हे निरीक्षणही त्यात आहे. असा तपशील दुर्बिणीतून दिसत नाही. पठारावरच्या थंडीची ज्याला सवय आहे आणि परक्या तंबूत कोठे बसावे हे ज्याला कळते, त्याच्याच नजरेस तो पडतो.

शेवटचा मोठा प्रवास १८७४-७५ मधील. तत्पूर्वी ते फोर्सिथ यांच्या शिष्टमंडळाबरोबर यारकंदला जाऊन आले होते. १८७४ च्या जुलैमध्ये लेह सोडताना त्यांच्याबरोबर ओझी वाहणाऱ्या २६ मेंढ्या होत्या. त्यांपैकी चार-पाचच संपूर्ण वाट चालून गेल्या. शासनाच्या मोहिमेने येथे सरळ जोहारी व्यापाराचे वाहन उचलले होते. उत्तरेकडील पठारावरील सरोवरांची रांग नकाशावर आणत ते नोव्हेंबरात ल्हासाला पोहोचले, परंतु ओळखीचा एक लडाखी व्यापारी भेटल्याने दोनच दिवसांत तेथून निघाले. तवांग येथे काही आठवडे अडकून पडल्यानंतर १ मार्च १८७५ रोजी ते आसाममधील उदालगुडी येथे उतरले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. आशियाच्या नकाशात त्या काळातील अन्य कोणाही एका व्यक्तीपेक्षा अधिक ठोस भर त्यांनी घातली, असा गौरव तेव्हा करण्यात आला.

विश्वासाची किंमत

येथपर्यंतची हकीकत अभिमानाने सांगता येते. पुढील भाग तितक्या सहजपणे सांगता येत नाही. ज्या समाजाचे अर्थकारण फोडलेल्या दगडाच्या दोन तुकड्यांवर उभे होते, त्याच समाजातील माणसे पलीकडच्या मित्रांच्या देशाची मोजणी एका तिसऱ्या सत्तेसाठी गुप्तपणे करीत होती. नैनसिंह यांना देशभक्त ठरविणारे आणि हेर ठरविणारे असे दोन्ही प्रकारचे लेखन आढळते. दोन्हींत घाई झालेली आहे असे मला वाटते. १८६५ साली मिलममधील शिक्षकापुढे 'राष्ट्र' नावाची वस्तू आजच्या अर्थाने उभी नव्हती. गरज होती, नोकरी होती, घराण्याचा जुना संबंध होता आणि, त्यांचे पुढील लेखन पाहता, जाणून घेण्याची निखळ ओढही होती. मात्र त्यामुळे पलीकडच्यांचे नुकसान नाहीसे होत नाही.

ते नुकसान कसे असू शकते याचे उदाहरण पंडितांच्याच परंपरेतील शरच्चंद्र दास यांच्या प्रवासातून मिळते. दार्जिलिंगच्या भुटिया बोर्डिंग स्कूलचे हे मुख्याध्यापक १८७९ आणि १८८१-८२ मध्ये तिबेटात गेले आणि ताशिल्हुन्पो मठातील विद्वान सेंगचेन लामा यांनी त्यांचे स्वागत केले. दास कोणासाठी काम करीत होते हे नंतर उघड झाले तेव्हा ते सुखरूप हिंदुस्थानात होते. सेंगचेन लामांना १८८७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले आणि त्यांच्याशी संबंधित इतरांनाही कठोर शिक्षा झाल्या. शोधप्रवासाच्या इतिहासात प्रवाशाने सोसलेले हाल तपशिलाने लिहिले जातात. ज्याने त्याला घरात घेतले त्याचे पुढे काय झाले, हे त्या पुस्तकांच्या पानांवर बहुधा येत नाही.

मोजणारा स्वतःच बळी ठरला असेही झाले. सिक्कीमच्या किंथुप या निरक्षर माणसाला १८८० मध्ये एका लामाबरोबर त्सांगपोच्या खालच्या वळणाकडे पाठविण्यात आले. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा होय की काय, हा वाद मिटविण्यासाठी खुणा केलेले ५०० ओंडके नदीत सोडावयाचे आणि आसाममध्ये त्यांच्यावर पाळत ठेवावयाची, अशी योजना होती. लामाने बरोबरचे पैसे उडविले आणि किंथुपला गुलाम म्हणून विकून तो निघून गेला. किंथुप पळाला, एका मठाच्या आश्रयास गेला आणि मठाधिपतीने ५० रुपये भरून त्याला विकत घेतले. तीर्थयात्रेच्या नावाखाली रजा घेऊन त्याने ओंडके तोडले व लपविले, पुन्हा रजा घेऊन ल्हासाला जाऊन निरोपाचे पत्र लिहवून घेतले, परत येऊन मठाची चाकरी केली आणि ठरलेल्या दिवसांत रोज ५० याप्रमाणे दहा दिवस ओंडके नदीत सोडले. ते पाहण्यासाठी खाली कोणीही नव्हते. पत्र पोहोचले नव्हते आणि ज्यांनी त्याला पाठविले ते हार्मन प्रकृती ढासळल्याने मायदेशी गेले होते. १८८४ मध्ये किंथुप परतला तेव्हा त्याच्या तोंडी जबानीवर पुरता विश्वास ठेवण्यात आला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड त्या प्रदेशात गेले तेव्हा त्याचे म्हणणे बहुतांशी खरे निघाले. बेली यांनी खटपट करून म्हाताऱ्या किंथुपला बक्षीस मिळवून दिले. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

कोणाचे शब्द?

नैनसिंह यांचा पहिला वृत्तांत १८६८ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात माँटगोमेरी यांच्या नावाने छापला गेला. सुरक्षिततेसाठी मथळ्यात प्रवाशाचे नाव न देता केवळ 'पंडित' एवढाच उल्लेख होता. गुप्त मोहिमांचे निष्कर्ष लंडनमध्ये उघडपणे छापावयाचे आणि प्रवाशाचे नाव मात्र झाकावयाचे, ही त्या काळाची एक चमत्कारिक विसंगती होय. परिणाम असा झाला की नैनसिंह जगाला कळले ते इंग्रजी अधिकाऱ्याच्या वाक्यांतून. वास्तविक ते स्वतः हिंदीत लिहीत होते. वेध घेण्याच्या शास्त्रावरील 'अक्षांश दर्पण' हे त्यांचे पुस्तक १८७१ चे. त्यांच्या रोजनिश्या व अन्य लेखन उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी संपादित केलेल्या 'एशिया की पीठ पर' या ग्रंथातून २००६ मध्ये वाचकांसमोर आले.

मराठी अभ्यासकाला येथे गोडसे भटजींची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेल्या या भिक्षुकाचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी आपल्या संस्कारांसह प्रसिद्ध केला आणि मूळ स्वरूपातील पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये छापला. साठ वर्षे आपण गोडसे भटजींना वैद्यांच्या लेखणीतून वाचत होतो. नैनसिंह यांच्या बाबतीत हे अंतर सव्वाशे वर्षांहून अधिक झाले आणि मध्ये भाषाही बदललेली होती. म्हणून पंडितांवरील जुन्या इंग्रजी पुस्तकांचा आधार घेताना ती दुय्यम साधने आहेत, याचे भान राखावयास हवे. त्यांना मूळ वृत्तांत मानून विद्यापीठीय प्रबंध लिहिण्याची आपल्याकडील सवय सोडली पाहिजे.

वाट आणि रेषा

नकाशा तयार झाल्यावर त्यावर रेषा ओढता येते. बेली आणि मोर्सहेड यांच्या १९१३ च्या मोजणीचा उपयोग दुसऱ्याच वर्षी सिमला येथे मॅकमहोन रेषा आखताना झाला. नैनसिंह ज्या तवांगमध्ये अडकून पडले होते ते या रेषेच्या दक्षिणेस आले. तत्पूर्वी १९०४ मध्ये यंगहजबंड यांची सशस्त्र मोहीम ल्हासाला पोहोचली होती आणि वाटेत गुरू येथे शेकडो तिबेटी मारले गेले होते. पंडितांच्या पावलांमुळेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण साम्राज्याची धोरणे एका माळेवर ठरत नाहीत. परंतु ज्या कार्यालयात ही पावले जमा होत होती त्याचे काम नुसते ज्ञानसाधनेचे नव्हते, हेही तितकेच खरे.

शौका समाजावर या रेषेचा खरा आघात १९६२ मध्ये झाला. भारत-चीन युद्धानंतर खिंडी बंद झाल्या आणि तिबेटचा व्यापार एका हंगामात संपला. त्यावर अवलंबून असलेले उन्हाळी-हिवाळी स्थलांतर आटले. मिलममधील दगडी घरांची छपरे हळूहळू कोसळली. काही कुटुंबे मुन्स्यारीत स्थिरावली, काही मैदानी शहरांकडे गेली. १९६७ मध्ये उत्तर प्रदेशातील भोटियांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला आणि त्यानंतरच्या पिढ्यांतील अनेकांनी शासकीय सेवेचा मार्ग धरला. २००४ मध्ये भारतीय डाक विभागाने नैनसिंह यांचे टपाल तिकीट काढले. तिबेटशी सीमाव्यापार १९९२ मध्ये लिपुलेख खिंडीतून पुन्हा सुरू करण्यात आला होता, परंतु ती वाट व्यांस खोऱ्यातील. जोहारची उंटाधुरा त्यात नव्हती.